इंदूताईंचा कार्बोरेटर

आमच्या पडवीत सकाळी दोन वास एकदम यायचे. एक आतल्या चुलीवर रटरटणाऱ्या उकड्या तांदळाच्या पेजेचा आणि दुसरा पेट्रोलचा. कुणकेश्वरच्या देवळाकडे उतरणाऱ्या रस्त्याला लागून आमचं घर, आणि घराची पुढची अर्धी पडवी म्हणजे बाबांचं गॅरेज. त्याला गॅरेज म्हणणारे थोडे. लोक ‘दत्ता मेस्त्रीकडे’ एवढंच म्हणत. मच्छीमारांच्या होड्यांची इंजिनं, भाताची गिरणी, कलमांच्या बागांतले पाण्याचे पंप, वाट चुकून इकडे आलेली एखादी लॉरी, असं सगळं बाबांच्या हातून जायचं. एका बाजूला खोललेलं इंजिन, दुसऱ्या बाजूला आईने वाळत घातलेली कोकमाची सोलं, आणि मधली हद्द आईने शेणाने सारवून आखलेली. “ही रेघ ओलांडून तुमचा एकय नट माझ्याकडे येता नये,” असं ती म्हणायची. नट यायचेच. एकदा पेजेच्या वाडग्यात एक वायसर सापडला होता, आणि बाबांनी आनंदाने ‘ह्योच मी शोधी होतंय!’ म्हणून तो धुऊन खिशात टाकला होता.

मी सतरा-अठरा वर्षांची असेन. शाळा संपली होती आणि लग्नाच्या गोष्टी चालल्या होत्या, पण कुणाला फारशी घाई नव्हती. घरात एक जुनी बाजाची पेटी होती. बाबा भजनाला बसायचे, त्यांच्या सरावासाठी मी ती वाजवायला शिकले. देवळातल्या भजनात मुलीने पेटीवर बसायची पद्धत तेव्हा आमच्याकडे नव्हती, पण घरात मला कुणी अडवलं नाही. कानाला मात्र देवळातलं आणि गॅरेजमधलं वेगळं वाटत नसे. रस्त्याच्या चढावर लॉरी आली की मी आतून तांदूळ निवडता निवडता सांगायची, कुणाची लॉरी आणि भरलेली आहे की रिकामी. बाबा हसायचे. मला वाटायचं, ते मला गंमत म्हणून विचारतात.

महाशिवरात्रीची यात्रा जवळ आली की आमचं गाव बदलून जायचं. कलमांना मोहर आलेला असायचा, त्याचा उग्र गोड वास खाली समुद्रापर्यंत जायचा. खाजा-लाडूंची दुकानं उभी राहायची, पाळणे यायचे. त्या वर्षी पहिल्यांदा मौतका कुवा आला. लॉरीतून उंच उंच फळ्या उतरल्या, आणि देवळापलीकडच्या मोकळ्या जागेत लाकडाची एक प्रचंड विहीर जमिनीवर उभी राहिली. प्रेक्षकांनी शिडीने वर चढून कठड्यावरून आत पाहायचं, आणि आत तळातून मोटरसायकल सुटून भिंतीवर चढून गोल गोल फिरायची. खेळवाल्यांना उतरायला जागा हवी होती, गाडीच्या डागडुजीला मेस्त्री हवा होता. सरपंचांनी दोन्हींसाठी आमचंच घर दाखवलं.

खेळवाले म्हणजे एक नवराबायको आणि फळ्या बांधणारी चार माणसं. ती चार माणसं विहिरीपाशीच राहत. नवरा मारुतराव, कराडकडचे, रुंद खांद्यांचे, मिशीवाले. पण उजवा पाय घोट्यापासून बांधलेला आणि काखेत कुबडी. मागच्या मुक्कामात भिंतीवरून पडले होते. तेव्हापासून गाडी बायको चालवत होती. तिचं नाव इंदूताई. तिशीची, सावळी, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि अंगात खाकी पँट. आई दारात उभी राहून पाहतच राहिली. रात्रीच्या जेवणाची पानं घेताना ती बाबांना हळूच म्हणाली, “बाईलमाणूस पँट घालून भिंतीर गाडी चलयता, आणि घोव बसलो आसा कुबडी घेवन. काय म्हणूचा ह्याका?”

बाबा म्हणाले, “ती पोटासाठी चलयता गो. तू तिका जेवक घाल.”

आईने घातलं. कुळथाची पिठी, भात, भाजलेला सुका बांगडा आणि सोलकढी. इंदूताईंनी पिठी दोनदा मागून घेतली आणि सोलकढीचा पेला तोंडाला लावून म्हणाल्या, “वहिनी, हे आमच्याकडं न्हाई मिळत. मला शिकवाल?” तेवढ्याने आईचा अर्धा राग गेला. उरलेला अर्धा पँटवर होता, तो राहिला.

यात्रेच्या आधी एक दिवस इंदूताई नुसता सराव करणार होत्या. बाबा आणि मी शिडीने वर गेलो. मारुतराव कुबडी टेकत आधीच पोचले होते. खाली तळाशी गाडी चालू झाली, आणि तिचा आवाज त्या लाकडाच्या नळकांड्यातून वर येऊन छातीला लागला. मारुतराव अभिमानाने सांगू लागले. हे इंजिन त्यांनी स्वतः खोलून, घासून तेज केलं होतं. आणि कार्बोरेटर साधा नव्हे, कोल्हापुरात एका शर्यतवाल्याकडून आणलेला, पहिल्याच्या दीडपट घशाचा. “जेवढी हवा जास्त, तेवढी ताकद जास्त, मेस्त्री. रस्त्यावर सोडली तर वाऱ्याला मागं टाकते.” बाबांनी मान डोलावली.

इंदूताईंनी तळाला दोन फेरे मारले, तिरक्या फळ्यांवर आल्या आणि मूठ पिळली. आणि त्याच क्षणी आवाज गेला. बंद नाही पडला. घास अडकल्यासारखा झाला. गाडी नुकती उभ्या भिंतीला लागली होती. मागचं चाक हातभर खाली घसरलं, माझ्या तोंडून किंकाळी निघाली, आणि मग इंजिन एकदम गरजलं आणि गाडी वर उसळली, इतकी वर की आम्ही ज्या कठड्याला धरून उभे होतो त्याच्या जवळ. इंदूताईंचा चेहरा मला अगदी समोरून दिसला. भीती दिसली नाही. दात घट्ट आवळलेले आणि डोळे कुठेतरी पुढे रोखलेले. काही फेरे मारून त्या सावकाश खाली उतरल्या.

“हात बसला न्हाई अजून तिचा,” मारुतराव म्हणाले. पण तिने इंजिन बंद केल्यावरच त्यांनी कठडा सोडला.

खाली उतरताना बाबांनी मला विचारलं, “शालू, तू काय आयकलंस?”

“वर चढताना गाडी खोकली, बाबा. मगे एकदम वरडली.”

“हां,” बाबा म्हणाले. आणि भराभर घराकडे चालू लागले.

आता माझ्या नातवाच्या गाडीला कार्बोरेटर नसतोच म्हणे. सगळं आतल्या आत एक डबी ठरवते. त्याला मी ही गोष्ट सांगायला घेतली तर आधी कार्बोरेटर म्हणजे काय तेच सांगावं लागलं: इंजिनात जाणाऱ्या हवेत पेट्रोल मिसळणारं नळकांडं. तेव्हा मलाही माहीत नव्हतं. मला ते कळलं त्या दुपारी, आमच्या स्वयंपाकघरात.

बाबा सरळ रेघ ओलांडून आत आले आणि चुलीपाशी बसले. आईची लोखंडी फुंकणी घेतली, आणि बाहेरून आणलेलं बांबूचं एक जाड कांड. आई ओरडली, “माझी फुकणी खंय नेतास?” “नेत नाय गो, हयसरच बसतंय.” त्यांनी आम्हाला सगळ्यांना बोलावलं, मारुतरावांनाही. निवत आलेल्या निखाऱ्यांवर आधी बांबूच्या कांड्यातून फुंकर घातली. राख हलली, बाकी काही नाही. मग तेवढाच श्वास फुंकणीतून सोडला, आणि निखारा लाल होऊन भडकला. परक्या माणसांशी बाबा कचेरीतल्यासारखी मराठी बोलायचे, तसे बोलू लागले. “मारुतराव, श्वास माझा तोच. तोंड बारीक असलं की हवा जोरात जाते. तो जोरच पेट्रोलला ओढून घेतो. तोंड मोठं केलं की हवा भरपूर, पण सुस्त. इंजिन जोरात फिरत असलं तर मोठं तोंड चांगलंच. पण हळू फिरताना एकदम मूठ पिळली, तर हवा जाते आणि पेट्रोल मागे राहतं. तेवढा वेळ इंजिन उपाशी.”

“ह्या माका लगीन झाल्यापासून म्हायत आसा,” आई म्हणाली आणि आपली फुंकणी काढून घेतली.

मारुतरावांना पटलं नाही, आणि त्यांच्या न पटण्यातही तथ्य होतं. ते म्हणाले, “भिंतीवर इंजिन हळू फिरतंय हे तुम्हाला कुणी सांगितलं? तिथं तर लई जोर लागतो.” खरंच, भिंतीवर इंजिन किती फिरतं हे कसं कळणार? मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. बाबांनी डोकं खाजवलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी अजून विसरले नाही ते पाहणं. एरवी मोठं काम अंगावर आलं की ते सोबतीला बोलावलेल्या दुसऱ्या मेस्त्रीकडे असे पाहायचे.

“शालू, तुझी पेटी घेवन चल.”

पेटी डोक्यावर घेऊन मी विहिरीच्या शिडीवर चढले, तेव्हा फळ्या बांधणारी माणसं कामं सोडून पाहत होती. मला लाज वाटत होती, पण इंदूताई खालून म्हणाल्या, “बस तू, मी सावकाश चढते,” आणि त्या चढल्या. गाडी पुन्हा खोकली, पण या वेळी त्यांना ते ठाऊक होतं. त्यांनी मूठ हळूहळू पिळली. भिंतीवर स्थिर झाल्यावर मी डोळे मिटले आणि पेटीवर सूर शोधू लागले. इंजिनाचा आवाज पेटीपेक्षा फार खाली, जाड. पण नीट ऐकलं की त्यातही एक सूर असतो, आणि तोच सूर वरच्या सप्तकात सापडतो. मला काळी एक सापडली. फेऱ्यामागून फेरे झाले तरी सूर तिच्या आसपासच. मग आम्ही गाडी रस्त्यावर आणली, इंदूताईंनी ती सपाटीवर पूर्ण मूठ पिळून आमच्यासमोरून नेली, आणि आवाज चढत चढत गेला. पंचम ओलांडला, पुढे गेला, वरच्या काळी एकच्या अगदी जवळ पोचला.

“एक सप्तक वर म्हणजे दुप्पट फेरे,” बाबा म्हणाले. भजनाला बसणाऱ्या माणसाला एवढं ठाऊक होतं. “शालू, नक्की?”

“नक्की, बाबा.”

बाबा मारुतरावांकडे वळले. “ह्या कार्बोरेटरची खरी गंमत रस्त्यावरच्या त्या वरच्या सुरात आहे. भिंतीवर तुमची गाडी तिथे कधी जातच नाही. अर्ध्यातच फिरते. भिंतीसाठी भिंतीचा कार्बोरेटर हवा.”

त्यानंतरची संध्याकाळ आमच्या पडवीत कार्बोरेटर बदलण्यात गेली. आधी बागेतल्या पंपाचा लावून पाहिला, कारण तोच हाताशी होता. गाडी एकदम गोड सुरू झाली, खोकली नाही, मूठ पिळताच उडी मारली; पण जरा वेग घेतला की तिचा दम संपायचा. बाबा म्हणाले, हा फार बारीक, वर पोचेल पण तिथे टिकणार नाही. आणि उठून आपली स्वतःची मोटरसायकल पुढे ओढली. गावोगावी इंजिनं दुरुस्त करायला ते जिच्यावरून जायचे ती. पाना घेतला आणि तिचा कार्बोरेटर काढू लागले.

“अहो मेस्त्री, तुमचं काम?” इंदूताई म्हणाल्या.

“यात्रेत माका कोण बोलवता?” बाबा पहिल्यांदाच त्यांच्याशी मालवणीत बोलले.

तो इंदूताईंच्या गाडीला नीट बसला. आतली पेट्रोलची सुई बाबांनी दोन वेळा खालीवर केली, आणि आमच्या चढावर इंदूताईंनी गाडी थांबवून, हळू करून, एकदम मूठ पिळून पाहिली. गाडी एका सुरातून दुसऱ्या सुरात सरकत गेली, मध्ये कुठेच तुटली नाही. मी टाळ्या वाजवल्या. इंदूताई खाली उतरल्या आणि त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. हातांना पेट्रोलचा वास येत होता.

मारुतराव मात्र हसले नाहीत. बाबा सहज बोलून गेले होते, “तुमचा हात चुकला नव्हता हो. तुम्हीसुद्धा असेच पडला असणार. इंजिन खोकलं.” चांगल्या मनाने म्हटलं होतं. पण मारुतरावांचा चेहरा उतरला. “म्हणजे माझा पाय मीच मोडून घेतला,” ते म्हणाले. मग बायकोकडे वळून, “आणि तुला ठावं होतं?”

इंदूताईंनी खाली बघत पेट्रोलचे हात पुसले. मग म्हणाल्या, “गाडी खोकते ते कळत होतं. पण तुम्ही एवढ्या हौसेनं आणला होता. आणि मी म्हटलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, बाई घाबरली. मग तुम्ही तसल्या पायानं परत चढला असता.”

मारुतराव कुबडी उचलून खाली वाळूकडे निघून गेले. बाबांनी उगाच पाने पुसायला घेतले. इंदूताई पायरीवर बसून राहिल्या. शेवटी आई उठली. तिने दुसऱ्या दिवशीच्या उपासासाठी उकडलेली कणगी, ते रताळ्यासारखे कंद, एका पानात घेतली, ताकाचा तांब्या घेतला आणि मला म्हणाली, “चल गो.” किनाऱ्यावर मारुतराव ओल्या वाळूच्या कडेला बसले होते. आईने पान त्यांच्यासमोर ठेवलं. परक्या पुरुषाशी ती फार बोलत नसे, तरी बोलली, “पाय जुळून येतलो. गाडीची खोड आता कळली ह्या बरा, नायतर बायलेचो जीव तसोच वर टांगलेलो ऱ्हवलो असतो. खावा आता.”

मारुतरावांनी पान पुढे ओढलं. मग म्हणाले, “वहिनी, पडलो तेव्हापास्नं मला वाटत होतं, आपली हिंमत गेली. रोज तिला चढताना बघायचो आणि वाटायचं, आता आपल्याच्यानं हे व्हायचं न्हाई.” त्यांनी कणगी सोलली. “हिंमत गेली न्हवती, न्हाई का?”

“माका काय विचारतास? माझ्या चेडवाक विचारा, तिनाच आयकला.”

आणि त्या एवढ्या मोठ्या माणसाने खरंच माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “गाडीच खोकली होती, मारुतराव.” ते हसले, आणि डोळे पुसले, आणि एकामागून एक सगळी कणगी खाल्ली.

यात्रेत मौतका कुवा पाहायला माणूस मावेना. देवाचं दर्शन घेऊन लोक सरळ तिकडेच येत. मोठ्या कार्बोरेटरचा गडगडाट गेल्याने गर्दी कमी होईल अशी मारुतरावांना भीती होती, तीही खोटी ठरली. त्या लाकडी विहिरीत कुठलाही आवाज गडगडाटच होता. इंदूताई दर खेळात तळातून सुटत, तिरक्या फळ्यांवर मूठ पिळत, आणि गाडी सरळ भिंतीवर. एकदा हात सोडून, एकदा डोळ्यांवर रुमाल बांधून. मी प्रत्येक वेळी त्या एका जागेला श्वास धरायची, आणि प्रत्येक वेळी आवाज न तुटता वर जायचा. आईने दोन दिवस यायला नकार दिला. तिसऱ्या दिवशी आली, कठड्याला धरून उभी राहिली, आणि खेळभर डोळे मिटून ‘देवा महाराजा’ म्हणत राहिली. घरी येऊन शेजारणीला मात्र रुमाल बांधल्याचंसुद्धा वर्णन करून सांगितलं.

बाबांनी आपला कार्बोरेटर परत घेतला नाही. बदल्यात शर्यतीचा तो मोठा आमच्या गाडीला आला, आणि कित्येक महिने आमची गाडी प्रत्येक चढावर खोकत चालायची. मारुतराव पुढच्या यात्रेला आले ते स्वतः भिंतीवर चढायला. पाय थोडा आखूड राहिला होता, पण मूठ पहिल्यासारखी होती. नवराबायको आळीपाळीने खेळ करायचे. आणखी दोन-चार वर्षं आले, मग कराडला गॅरेज टाकल्याचं कुणीतरी सांगितलं. माझंही लग्न झालं, देवगडला, पंपांची दुकानदारी करणाऱ्या घरात. तिथे सासरे इंजिन बिघडलं की मला हाक मारायचे, “शालूबाय, जरा आयकून सांग.” बाबांनीच त्यांना ते सांगून ठेवलं होतं, मुलगी दाखवायच्या वेळी, माझ्या स्वयंपाकाच्याही आधी.

पण मला त्या पहिल्या वर्षातलं सगळ्यात जास्त आठवतं ते त्यांच्या निघायच्या सकाळचं. फळ्या लॉरीत चढल्या होत्या. ओहोटी लागली होती आणि किनारा लांबवर ओला, कडक पडला होता. इंदूताई गाडी घेऊन वाळूत उतरल्या, आम्ही निरोप द्यायला खाली गेलो. त्या आईला म्हणाल्या, “वहिनी, बसा. एक चक्कर.” आम्ही सगळे हसलो, कारण बाबांच्या गाडीवर आई इतक्या वर्षांत एकदाही बसली नव्हती. तिला वास सहन होत नाही असं ती म्हणायची. आईने एकदा इंदूताईंच्या पँटकडे पाहिलं, एकदा आपल्या काष्ट्याच्या लुगड्याकडे, आणि काष्टा घट्ट खोचून, दोन्हीकडे पाय टाकून मागे बसली.

गाडी देवळाच्या तटाखालून सुटली ती पार पलीकडच्या खडकांपर्यंत. लाटेचं पातळ पाणी चाकांनी दोन्ही बाजूंना उडत होतं, आईचा पदर सुटून मागे ताणला गेला होता. बाबा कमरेवर हात ठेवून उभे होते. मी आवाज ऐकत होते, सूर वर वर जात होता, भिंतीवरच्या सुराच्याही वर. वळून गाडी परत आली, आमच्यासमोर थांबली. आईचे केस विस्कटले होते, तोंडावर खारं पाणी उडालं होतं. इंदूताईंनी उतरायला हात दिला. आईने तो बाजूला केला.

“उतरतलंय मगे,” ती म्हणाली. “आधी एक सांग गो. ह्याच्यापेक्षा जोरात जाता काय ही?”